सूर्याचा वर लाभलेला

एकाच माणसाची ओळख एका भाषेत सूर्यदेवाच्या नावाने दिली आहे आणि दुसऱ्या भाषेत बाल नावाच्या देवाच्या, हे वाचल्यापासून तो दगड पाहायची ओढ लागली होती. म्हणून दक्षिण तुर्कस्तानातल्या कारातेपेला गेले. पाइनच्या रानात गडाचे दोन दरवाजे. १९४०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ हेल्मुथ बोसर्ट आणि हालेत चांबेल यांना इथे एकच मजकूर लुवियन चित्रलिपीत आणि फिनिशियन अक्षरांत कोरलेला सापडला. ‘‘दोन हजार सातशे वर्षं!’’ रखवालदार अभिमानाने म्हणाला.

शिलालेखांची एक तरुण अभ्यासक काळ्या बसाल्टला गाल टेकेल इतकी वाकली होती. टॉर्च तिने दगडालगत आडवा धरला. समोरून प्रकाश टाकला तर सगळं सपाट दिसतं. आडवा पडला की चिन्हांच्या कडा सावलीने उठून येतात. मोजमापं, फोटो, नोंदी झाल्या, तरी ती पुन्हा त्या माणसाची ओळख देणाऱ्या त्याच शब्दाकडे वळली. आधी देवाचं चिन्ह, मग सूर्याचं, शेवटी ‘मि’ आणि ‘स’. सूर्याचा उच्चार लिहिलेलाच नाही. तो कळतो हित्ती राजधानी हत्तुशाच्या कीलाक्षरी पाट्यांवरून: लुवियन सूर्यदेव म्हणजे तिवाद. पूर्ण शब्द झाला ‘तिवादमिस’. मुळाशी तोच प्राचीन ‘दिव्’, ज्यातून संस्कृत ‘द्यौः’ आणि आपला ‘दिवस’ आला. ‘मि’ हा प्रत्यय आपल्या ‘दिलेला’मधल्या ‘लेला’चं काम करतो. म्हणजे सूर्याचा वर लाभलेला.

फिनिशियन मजकुरात याच जागी ‘हब्रक बाल’ आहे. त्यातला ‘ब्रक’ म्हणजे आशीर्वाद. पण काही विद्वानांना ‘हब्रक’मध्ये अक्कादी भाषेतला ‘अबरक्कु’, म्हणजे कारभारी, दिसतो. ज्याची ही ओळख, त्या दोन हजार सातशे वर्षांपूर्वी हा लेख कोरवणाऱ्या माणसाचं नाव अझातिवादा. त्या नावातच तिवाद आहे. नाव आणि लगेच हे विशेषण. लुवियन ऐकणाऱ्याच्या कानावर सूर्य दोनदा पडायचा. फिनिशियन ऐकणाऱ्याला तो नावात कळला नसता, म्हणून त्याच्यासाठी त्याच्या ओळखीचा बाल आणला असावा. देव बदलला तरी वर तोच राहिला.

‘कारभारी’ हा अर्थ मला पटत नाही. शेजारच्या दगडावरचा ‘मि’ स्पष्टपणे ‘लाभलेला’ म्हणतो आहे. फिनिशियन शब्द त्याला सोडून एकटा वाचू नये.