एक्सेलमधील ‘ऑटोफिल’ : वेळ वाचविणारा लहानसा चौकोन

जून उजाडला की शाळांच्या कार्यालयांत विद्यार्थ्यांच्या याद्यांचे काम सुरू होते. अनुक्रमांक, इयत्ता, तुकडी, प्रवेशाची तारीख ही माहिती शेकडो ओळींत भरावयाची असते आणि अनेक लिपिक ती अजूनही एकेक करून टंकतात. त्यातील बराचसा भाग एक्सेल स्वतःच भरू शकते.

निवडलेल्या सेलच्या उजव्या बाजूस, खालच्या कोपऱ्यात एक बारीक चौकोन दिसतो. त्यास ‘फिल हँडल’ म्हणतात. एका सेलमध्ये १ व त्याखाली २ लिहून दोन्ही सेल निवडावेत आणि माऊसने हा चौकोन खाली खेचावा. ३, ४, ५ असे क्रमांक आपोआप उमटतात. ५ आणि १० लिहिल्यास पुढे १५, २० येतात. नुसता १ लिहून खेचल्यास मात्र सर्वत्र १ च येतो. मालिका हवी असल्यास कंट्रोलची कळ दाबून धरावी लागते. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये याच्या नेमके उलट घडते, हे दोन्ही वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. शेजारचा स्तंभ आधीच भरलेला असेल तर खेचण्याचेही कष्ट नकोत. चौकोनावर दोनदा क्लिक केले की शेजारची यादी जेथवर आहे तेथवर मजकूर उतरतो.

तारीख खेचल्यास पुढचे दिवस येतात. त्यानंतर दिसणाऱ्या छोट्या बटणातून केवळ कामाचे दिवस निवडता येतात. त्यात शनिवार व रविवार वगळले जातात. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्याने तेथे ही सोय उपयोगी पडते. शनिवारी भरणाऱ्या शाळेच्या हजेरीपत्रकास ती चालणार नाही.

२०१३ च्या आवृत्तीत ‘फ्लॅश फिल’ आले. ‘आडनाव, नाव, वडिलांचे नाव’ अशा स्तंभाशेजारी पहिल्या ओळीत केवळ नाव लिहावे आणि खालच्या सेलमध्ये येऊन कंट्रोल व ई दाबावे. उरलेली नावे वेगळी होतात. हा अंदाज असतो, सूत्र नव्हे. वडिलांचे नाव न लिहिलेली एखादी नोंद मध्येच आली तर तो चुकू शकतो, आणि मूळ नाव नंतर दुरुस्त केले तरी शेजारचे बदलत नाही.

खरा धोका पैशांच्या याद्यांत आहे. मजकुराच्या शेवटी अंक असला की एक्सेल त्यालाही मालिका समजते. सर्व कर्मचाऱ्यांची खाती एकाच शाखेत आहेत म्हणून पहिल्या ओळीतील आयएफएससी खाली खेचला, तर १२३४ वर संपणारा संकेतांक पुढच्या ओळीत १२३५, मग १२३६ होतो. पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. प्रत्येक ओळ दिसायला बरोबर असते. अशा वेळी पहिल्या सेलपासून खालचा भाग निवडून कंट्रोल व डी दाबावे, म्हणजे तोच संकेतांक जसाच्या तसा उतरतो.

खाते क्रमांकाचे दुखणे निराळे. एक्सेल संख्येचे १५ च अंक सांभाळते. १६ अंकी क्रमांक लिहिल्यास शेवटचा अंक शून्य होतो. आरंभीची शून्ये तर गळूनच पडतात. गट क्रमांक १२/१ लिहिला की त्याची तारीख होते. सेलचे स्वरूप मजकूर लिहिण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करावे, कारण एकदा गेलेला अंक नंतर स्वरूप बदलून परत येत नाही.

ही सवय शास्त्रज्ञांनाही नडली. ‘मार्च१’ सारख्या जनुकांच्या नावांच्या तारखा होत असल्याने २०२० मध्ये मानवी जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. असे आपोआप होणारे बदल बंद ठेवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली. एक्सेलच्या ऑप्शन्समधील ‘डेटा’ या भागात ती आढळते. गट क्रमांकासाठी मात्र आधी ‘टेक्स्ट’ करणेच इष्ट.