जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे नव्हे

"काय होणार? चौदा वर्षांत बाहेर येईल." लहान मुलावर लैंगिक अत्याचार करणाऱ्याला जन्मठेप झाल्याची बातमी आली की हे वाक्य ठरलेलेच. बंगळुरूच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटच्या आसपास मराठी, कन्नड, तमिळ, दखनी अशा साऱ्या भाषा कानावर पडतात आणि हा गैरसमज त्या सगळ्यांत तितक्याच ठामपणे बोलला जातो. तो निरुपद्रवी असता तर सोडून दिला असता. पण पोलिसांत जायचे की नाही यावर घरात खल चालू असतो, तेव्हाच कोणीतरी वडीलधारे म्हणतात, "पोरीला कोर्टात उभी करायची आणि तो सुटणारच असेल, तर कशाला?" तक्रार तिथेच थांबते. म्हणून हे एकदा नीट समजून घ्यायला हवे.

जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत तुरुंगवास. हे आजकालचे नाही. गांधी हत्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात दावा केला होता की, मिळालेली सूट धरली तर आपली वीस वर्षे भरली आहेत, तेव्हा आपल्याला सोडावे. १९६१ साली न्यायालयाने तो फेटाळला. जन्मठेप उरलेल्या संपूर्ण आयुष्याची असते, सरकारने शिक्षेत सूट दिली तरच कैदी आधी सुटू शकतो आणि ती सूट हा त्याचा हक्क नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या निकालाला साठ वर्षे उलटून गेली, तरी आपण अजून चौदाचाच पाढा म्हणत आहोत.

मग हा चौदाचा आकडा आला कुठून? २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ साली ४३३-अ हे कलम घातले गेले. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यात जन्मठेप झाली असेल, तर सरकारलाही कैद्याला चौदा वर्षांच्या आत सोडता येणार नाही, असे त्याने सांगितले. म्हणजे चौदा वर्षे ही किमान मर्यादा आहे, आणि नव्या संहितेतही ती कायम आहे. त्यानंतरही अर्ज, तुरुंगातील वर्तणूक, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत आणि सरकारचा निर्णय या पायऱ्या असतातच. महाराष्ट्राच्या सूट देण्याच्या नियमांत तर महिला आणि अल्पवयीनांवरील गुन्ह्यांसाठी वेगळा, अधिक वर्षांचा वर्ग आहे. गावात कोणी संचित रजेवर किंवा पॅरोलवर आलेला दिसला की "सुटला" अशी बोंब होते. तो काही दिवसांसाठी आलेला असतो आणि त्याला परत जावे लागते.

या गैरसमजात तथ्याचा एक अंश आहे, तोही सांगायला हवा. पूर्वी अनेक राज्ये सरसकट सूट देत आणि जन्मठेप व्यवहारात चौदा वर्षांवर येई. सर्वोच्च न्यायालयानेच हे २००८ साली नोंदवले, तेही बंगळुरूच्या एका खटल्यात. रिचमंड रोडवरील बंगल्यात झालेल्या खुनाच्या त्या स्वामी श्रद्धानंद खटल्यात न्यायालयाने फाशी रद्द केली, पण आरोपीला सूट न देता आयुष्यभर तुरुंगात ठेवण्याचा आदेश दिला. २०१५ साली घटनापीठाने या पद्धतीवर शिक्कामोर्तब केले. मात्र हा अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांना आहे.

मुलांवरील अत्याचारांच्या बाबतीत तर संसदेने शंकेला जागाच ठेवलेली नाही. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला आणि २०१९ साली तो अधिक कडक झाला. आज बलात्काराच्या स्वरूपाच्या गुन्ह्याला किमान दहा वर्षे आणि मूल सोळा वर्षांखालील असेल तर किमान वीस वर्षे शिक्षा आहे. गुन्हेगार नातेवाईक, शिक्षक किंवा पोलीस असेल, किंवा मूल बारा वर्षांखालील असेल, तर तो गंभीर प्रकार ठरतो. त्याला वीस वर्षांपासून जन्मठेप किंवा फाशीपर्यंत शिक्षा आहे. तिथे जन्मठेपेचा अर्थ "उरलेले नैसर्गिक आयुष्य" असा कायद्यातच लिहिला आहे. राष्ट्रपती आणि राज्यपालांचा माफीचा घटनात्मक अधिकार तेवढा शिल्लक राहतो.

"न्यायाधीशाला दया आली की शिक्षा कमी होते" हेही असेच हवेतले बोलणे. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी होते. वय, परिस्थिती, आधीचे गुन्हे यांवर दोन्ही बाजू बोलतात. पण कायद्याने ठरवलेल्या किमान शिक्षेखाली जाता येत नाही. २०२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका लहान मुलावरील अत्याचाराचा, २०१९ च्या बदलापूर्वीचा गुन्हा गंभीर प्रकारातून काढला आणि दहा वर्षांची शिक्षा सातवर आणली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दहा वर्षे केली. 

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निकालही अनेकांच्या डोक्यात अजून घर करून आहे. कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखालील लैंगिक हल्ला नाही, असे म्हणून तीन वर्षांची शिक्षा एक वर्षावर आणली गेली होती. तो निकाल आज अस्तित्वात नाही. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्वचेला त्वचा लागली का हे महत्त्वाचे नाही, लैंगिक हेतू महत्त्वाचा आहे, असे सांगून न्यायालयाने तीन वर्षांची सक्तमजुरी कायम केली. तरीही "वरून हात लावला तर केस होत नाही" असे सांगणारे भेटतातच. त्यांना ही तारीख ऐकवावी.

आता काही छोटे गैरसमज.

गैरसमज: कायदा फक्त मुलींसाठी आहे.
वस्तुस्थिती: अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी आहे, मुलगा असो वा मुलगी.

गैरसमज: वैद्यकीय पुरावा नसेल तर शिक्षा होत नाही.
वस्तुस्थिती: मुलाची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होते.

गैरसमज: दोन्ही घरांत समेट झाला की खटला संपतो.
वस्तुस्थिती: नाही. एका शिक्षकाविरुद्धच्या राजस्थानातील खटल्यात असा समेट मान्य करून रद्द केलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा जिवंत केला.

गैरसमज: नवी कडक शिक्षा जुन्या गुन्ह्यालाही लागते.
वस्तुस्थिती: नाही. गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदा लागतो. राज्यघटनेचे कलम २० तसे सांगते.

गैरसमज: दंड सरकारजमा होतो.
वस्तुस्थिती: पॉक्सोतील बलात्काराच्या स्वरूपाच्या गुन्ह्यांच्या कलमांखालील दंड पीडित मुलाच्या उपचारासाठी आणि पुनर्वसनासाठी द्यायचा असतो. भरपाई वेगळी, आणि खटला चालू असतानाही ती अंतरिम मिळू शकते.

शिक्षा पुरेशा कडक आहेत. अडते ते तिथपर्यंत पोहोचण्यात. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०२२ साली दोन लाख तीस हजारांहून अधिक पॉक्सो खटल्यांची माहिती तपासली. त्यात ४३.४४ टक्के खटले निर्दोष सुटकेत संपले, तर दोषी ठरण्यात संपले फक्त १४.०३ टक्के. एका खटल्याला सरासरी ५०९ दिवस लागले. एवढ्या काळात साक्षीदार फिरतात, घरचेच लोक दबाव आणतात. कारण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते की, नव्वद टक्क्यांहून अधिक बलात्कारांत आरोपी ओळखीचाच असतो. फाशीची मागणी करणाऱ्यांनी याचाही विचार करावा: शिक्षा कितीही वाढवली, तरी साक्ष फिरली तर ती कागदावरच राहते.

तेव्हा बंगळुरूत असा किंवा देशात कुठेही असा, काही घडल्याचे कळले तर १०९८ किंवा ११२ वर फोन करा. गुन्हा घडल्याचे माहीत असूनही न कळवणे हाही गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी, पोलिसाने गणवेश न घालता घ्यायचा असतो. मूल फक्त मराठी बोलत असेल, तर पोलिसांपुढे आणि न्यायालयात दुभाषी देण्याची तरतूद कायद्यात आहे. तो हक्काने मागा. आणि कोणी "चौदा वर्षांत सुटेल" म्हणून तुम्हाला थांबवू लागले, तर त्याचे ऐकू नका. मुलाचे ऐका आणि खटला संपेपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहा.