पावसाळी रानभाज्या : विक्रेती, ग्राहक आणि वैद्य

मृगाचा पाऊस झाला की कर्जत-मुरबाडकडील आदिवासी भगिनी कल्याण-ठाण्याच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्याशी बोलता आम्हांस असे आढळले की, विक्रेतीची पसंती करटुलीस आहे. ती टिकते व भावही चांगला मिळतो. टाकळा, घेटुळी सायंकाळपर्यंत कोमेजतात. म्हणून मागणी असेल तरच त्या आणल्या जातात. ग्राहक भगिनी मात्र शिजविण्याची रीत ठाऊक असलेलीच भाजी घेतात. म्हणूनच शेवळांसोबत काकडे देऊन खाज टाळण्याची कृतीही विक्रेत्या सांगतात.

येथे आमची चूक नमूद करणे प्राप्त आहे. शोथाच्या एका रुग्णेस आम्ही ‘पुनर्नवा शाक’ लिहून दिले. तिने औषधालयातून पुनर्नवा चूर्ण आणले; त्याच रस्त्यावर घेटुळीच्या जुड्या विक्रीस होत्या!

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात शाकवर्ग स्वतंत्रपणे वर्णिला आहे. परंतु ग्रंथातील नाव बाजारात चालत नाही; चक्रमर्द कोकणात टाकळा, तर विदर्भात तरोटा होतो. तेव्हा वैद्यबंधूंनी पथ्यपत्रकावर स्थानिक नाव व कृती लिहावी आणि औषधालय-चालकांनी ती दर्शनी भागी लावावी. रुग्णाने नावानिशी मागितली, तरच विक्रेती उद्या ती जुडी आणील.