मुनीम गेला, चावी कोणाकडे?

पूर्वी मुनीम नोकरी सोडताना खातेवही आणि गल्ल्याची चावी मालकाच्या हाती देऊन जात असे. आता खातेवही संगणकात गेली आहे आणि चावीच्या जागी पासवर्ड आला आहे. मालेगावचा यंत्रमागवाला असो की मिरजेचा तंतुवाद्य कारागीर, आपल्यापैकी पुष्कळांना तो पासवर्ड ठाऊकच नसतो. मुनीम गेला की तोही त्याच्याबरोबर जातो.

याची किंमत मोठी आहे. जीएसटीच्या नोंदणीत मुनिमाचा किंवा सल्लागाराचा मोबाइल नंबर दिलेला असेल, तर विवरणपत्र भरतानाचा ओटीपी त्याच्याकडेच जाणार. तो फोन उचलत नसेल तर मुदत टळते. मग ३-बी विवरणपत्राला दररोज ५० रुपये विलंब शुल्क, व्यवहार शून्य असल्यास २० रुपये, आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. असा नंबर अडकला असेल तर आपल्या विभागाच्या कर अधिकाऱ्याकडे कागदपत्रांसह अर्ज करून तो बदलून घेता येतो. पण नोंदणीत पहिल्यापासून मालकाचाच नंबर असावा, हे उत्तम.

दुसरी गोष्ट, एकच पासवर्ड चौघांनी वापरू नये. टॅलीप्राइममध्ये प्रत्येक नोकराला वेगळे नाव देता येते आणि त्याने काय पाहावे, काय बदलावे हेही ठरविता येते. मुख्य अधिकार, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे नाव, मालकाने स्वतःकडे ठेवावे. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड तर कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा. तो विसरला तर हिशेब परत उघडत नाही. परराज्यात ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल पाठविताना लागणाऱ्या ई-वे बिलाच्या संकेतस्थळावरही नोकरासाठी उपखाते काढता येते आणि तो गेला की गोठविता येते.

यात मुनिमावर अविश्वास नाही, उलट त्याचेच रक्षण आहे. कोणती नोंद कोणी, केव्हा बदलली हे एडिट लॉगमध्ये दिसते. नोंदणीकृत कंपन्यांना अशी नोंद ठेवणे १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचे आहे. लहान दुकानदारालाही ती उपयोगी आहे. मात्र सगळे एकाच नावाने काम करीत असतील तर लॉग काही सांगू शकत नाही, आणि रक्कम जुळली नाही की आळ येतो तो गेलेल्या माणसावर.

म्हणून मुनीम निघताना एक दिवस राखून ठेवावा. दोघांनी बसून शिल्लक, उधारी व बँकेचा हिशेब जुळवावा, बॅकअप मालकाने घ्यावा, त्याचा राहिलेला पगार चुकता करावा आणि त्याच संध्याकाळी त्याचे खाते बंद करावे. त्याने केलेल्या नोंदी मात्र जशाच्या तशा राहू द्याव्यात. हिशेब चोख असला की निरोपही गोडीने घेता येतो.