जुन्या वेगवान मोटारीच्या तेलास विजेचा पंखा

वैशाखाच्या दुपारीं मोहाडीहून तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादी मोटार कडेला उभी आहे, आणि तिचा मालक झांकण उघडून घाम पुशीत बसला आहे, असें दृश्य आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. मोटार धांवत होती तोंवर कांहीं नव्हतें. थांबली आणि तापली, अशी त्याची तक्रार असते. ऐकणाऱ्यास हें चमत्कारिक वाटतें. धांवण्यांत श्रम अधिक, उभें राहण्यांत कमी. मग ताप उभें राहिल्यावर कां चढावा? या एका प्रश्नाचा उलगडा झाला, म्हणजे जुन्या वेगवान मोटारींचे शोकीन मालक आपल्या गाडीच्या तेलाकरितां निराळा विजेचा पंखा कां बसवितात, तें सहज समजेल. ज्यांस स्पोर्ट्स मोटारी म्हणतात त्या आपल्या गांवीं क्वचितच दिसतात हें खरें. परंतु यांतील तत्त्व आपल्या खळ्यावरचेंच आहे.

आपल्याकडे धान उफणतांना काय होतें तें आठवावें. वारा चांगला वाहत असला म्हणजे उफणणारा सूप उंच धरतो, फोल दूर उडतें आणि दाणे पायाशीं पडतात. वारा पडला कीं सारें काम थांबतें. अशा वेळीं शहाणा शेतकरी आकाशाकडे पाहत बसत नाहीं. हातानें फिरवावयाचा पंखा खळ्यांत आणून स्वतःचा वारा स्वतः करितो. धांवत्या मोटारीस वारा फुकट मिळत असतो. ती थांबली कीं तिचा वारा पडतो, आणि इंजिन तर चालूच असतें.

आतां तेलाकडे वळूं. मोटारींतील तेलास दोन कामें असतात. घांसणाऱ्या भागांच्या मध्यें राहून झीज कमी करणें हें पहिलें. तें सर्वांस ठाऊक असतें. दुसरें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पिस्टनच्या खालची बाजू, बेअरिंगें अशा ज्या जागीं थंड करणारें पाणी पोहोंचत नाहीं, तेथील उष्णता तेलच उचलून नेतें. तें फार तापलें तर पातळ होतें, त्याचा दाब उतरतो, आणि ज्या दोन धातूंच्या मध्यें त्यानें उभें राहावयाचें तेथून तें निसटूं लागतें. मग धातूवर धातू घांसली जाते व बेअरिंगें खराब होतात. जुन्या मोटारीचे भाग आज दुकानांत सहज मिळत नाहींत. म्हणून अशा गाडीच्या मालकाला तेलाच्या तापाचें भय पाण्याच्या तापापेक्षां अधिक वाटतें.

हें सर्व जीवरून उत्तम समजतें ती मोटार म्हणजे जर्मनींतील पोर्शे कारखान्याची ‘९११’. ही १९६३ सालीं फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली, आणि १९९८ पर्यंत तिचीं हवेनें थंड होणारीं इंजिनें निघत होतीं. इंजिन मागच्या चाकांच्याही मागें असतें. तीन सिलिंडरें एका बाजूस, तीन दुसऱ्या बाजूस, सारीं आडवीं. पट्ट्यानें फिरणारा एक मोठा पंखा त्यांवर वारा घालतो. पाणी मुळींच नसल्यामुळें तेलावर मोठा भार पडतो. साध्या मोटारीस चार लिटरांच्या आसपास तेल पुरतें. या गाडीस, नमुन्याप्रमाणें, नऊपासून तेरा लिटरांपर्यंत लागतें, व तें निराळ्या टाकींत ठेविलेलें असतें.

हें तेल थंड करणारी पन्हळींची जाळी, म्हणजे ऑईल कूलर, प्रथम इंजिनासच जोडलेली होती. इंजिनाची शक्ति वाढत गेली तशी ती पुरेना. तेव्हां १९६९ च्या नमुन्यापासून ‘एस्’ या अधिक जोरकस प्रकारास दुसरा कूलर देण्यांत आला, आणि तो थेट गाडीच्या पुढच्या टोकास, उजव्या चाकाच्या पुढील पोकळींत बसविला. मागून तेल नळ्यांनीं पुढें यावयाचें, तेथें थंड व्हावयाचें आणि परत मागें जावयाचें. युक्ति चांगली, पण त्या कोनाड्यांत वारा येणार तो केवळ गाडीच्या वेगानें. गाडी थांबली कीं पुढचा कूलर गरम तेलानें भरलेला एक डबा होऊन बसतो. मागचा मोठा पंखाही इंजिनाच्याच गतीनें फिरणारा असल्यामुळें त्या वेळीं मंदावलेला असतो. शिवाय आधींच्या दौडीची उष्णता लोखंडांत सांठलेली असते ती निराळीच. पुढें १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत कारखान्यानेंच या पुढच्या कूलरास विजेचा पंखा दिला. त्यापूर्वींच्या गाड्यांचे मालक जें आज आपल्या हातानें करितात तें एवढेंच.

‘कूलर’ हा शब्द वाचून आपल्या विदर्भांतील वाचकांस खिडकींत बसविलेला, खसाच्या पडद्यांचा, पाण्यानें भरलेला कूलर आठवेल. नांव एक असलें तरी तो निराळा प्राणी आहे. तेथें पाणी वाफ होऊन उडतें व जातांना उष्णता घेऊन जातें. येथें पाण्याचा संबंध नाहीं, तेल नळींत आणि वारा बाहेरून. कोणी विचारील कीं, ४५ अंशांची लू अंगाची लाही करिते, मग ती तेलास थंड कशी करणार? उत्तर असें कीं, आपलें शरीर ३७ अंशांचें, म्हणून लू आपणांस तापविते. तेल ११० अंशांचें, म्हणून तीच लू त्यास गार. मात्र तिचें बळ कमी होतें. पौषांत पहांटे हवा १२ अंशांवर असली तर तेल आणि हवा यांत ९८ अंशांचें अंतर असतें. वैशाखांत तें ६५ वर येतें. उष्णता या अंतराच्या मानानें बाहेर पडते. म्हणून तोच कूलर, तितक्याच वाऱ्यांत, उन्हाळ्यांत हिवाळ्याच्या सुमारें दोन तृतीयांश काम करितो. उरलेली तूट वारा वाढवूनच भरून काढावी लागते.

परंतु पंखा आणण्यापूर्वीं मालकानें स्वतःस एक प्रश्न विचारावा: गाडी तापते केव्हां? उभी असतां तापत असेल तर पंखा उपयोगी. मोकळ्या रस्त्यावर वेगानें जातांनाही तापत असेल तर वाऱ्याची वाण नाहीं, दोष दुसरीकडे आहे. जाळींत तणीस, धूळ व किडे अडकले असतील. तेल जुनें झालें असेल. किंवा तेलास पुढें जाण्याची वाट देणारी जी झडप सुमारें ८५ अंशांस उघडते, ती अडकून बसली असेल. अशा गाडीस पंखा लावणें म्हणजे तापाच्या रोग्यास औषधाऐवजीं नुसता वारा घालणें होय. आमच्या मतें निम्मे पंखे अशा घाईनेंच बसविले जातात.

बसवितांना दिशेची काळजी प्रथम घ्यावी. गाडी धांवतांना वारा जाळींतून ज्या दिशेनें जातो त्याच दिशेनें पंख्यानें तो ओढावा. दोन तारांची अदलाबदल झाली तर असले पंखे उलटे फिरतात, व मग पंखा आणि रस्त्याचा वारा एकमेकांशीं झुंजत बसतात. याची परीक्षा सोपी आहे: एक हलका धागा जाळीपुढें धरावा, तो जाळीकडे ओढला गेला तर ठीक. आपल्या तालुक्यांत आंधळगांवच्या कोशाचा धागा असतां यासाठीं उपकरण विकत घेण्याचें कारण नाहीं. पंखा व जाळी यांमधील फट पत्र्यानें बंद करावी, नाहीं तर पंखा जाळींतून वारा न ओढतां कडेचाच वारा फिरवीत राहतो.

विजेचा हिशेब यापेक्षां नाजूक आहे. १२ व्होल्टांच्या गाडींत ८ अँपियर घेणारा पंखा ९६ वॅटांचा झाला. एवढा प्रवाह तापमानाच्या लहानशा स्विचमधून नेऊं नये, तो जळेल. स्विचनें फक्त रिले चालवावा आणि पंख्याची वीज रिलेनें द्यावी. बॅटरीजवळच फ्यूज असावा. ज्या गाड्यांस जुना डायनॅमो आहे त्यांची आणखी एक अडचण असते. इंजिन मंद चाललें म्हणजे डायनॅमो अगदीं थोडी वीज देतो, आणि पंख्याची गरज नेमकी तेव्हांच लागते. तेवढा वेळ पंखा बॅटरींतील सांठा खातो. दहा मिनिटें चालेल. तासभर चालणार नाहीं.

आणि तासभर उभें राहण्याचा प्रसंग आपल्या देशांत येतोच, तो लग्नाच्या वरातींत. नवरदेवासाठीं जुनी मोटार सजवून आणण्याची हौस पुष्कळांस असते. वैशाखाची संध्याकाळ, पुढें बँड, मागें गर्दी, आणि गाडीची चाल चालत्या माणसाहून मंद. त्यांतच भर म्हणून मोटारीच्या तोंडावर झेंडूच्या माळांचा असा पडदा सोडतात कीं वारा आंत जाण्यास जागाच राहत नाहीं! माळा टपावर व दारांवर बांधाव्या. तोंड आणि कूलरची पोकळी मोकळी सोडावी.

वाचकांनीं हें तत्त्व डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर जर्मनीस जावें लागत नाहीं. पुण्याच्या बजाज कंपनीच्या पल्सर २२० या फटफटीवर लहानसा ऑईल कूलर असतो; त्यास पंखा नाहीं, सारी भिस्त रस्त्याच्या वाऱ्यावर.

शेवटीं एक बारीक गोष्ट. किल्ली काढल्यावरही पंखा फिरत राहावा, अशी जोडणी कांहीं जण करितात. पाण्याच्या रेडिएटरापाशीं तिचा कांहीं उपयोग होत असेल. तेलाच्या कूलरास नाहीं. इंजिन बंद होतांच तेल वाहणें थांबतें, म्हणून पंखा जाळींतल्या तेवढ्याच तेलास वारा घालीत बसतो आणि मागचें इंजिन तसेंच तापलेलें राहतें. तेव्हां पंख्याची तार किल्लीवरूनच घ्यावी, आणि लांबच्या दौडीनंतर गाडी सावलींत उभी करून, पंखा चालूं ठेवून, दोन-तीन मिनिटें इंजिन मंद फिरूं द्यावें. मग किल्ली काढावी.