चक्रासनात कंबरच का धरते? समजून घ्या पाठीचे गणित

नाशिक : योगवर्गाला नाशिकमध्ये तोटा नाही. येथील योग विद्या धामचे विश्वास मंडलिक यांना २०१८ मध्ये योगासाठीचा पंतप्रधान पुरस्कारही मिळाला. तरीही अनेक जण चक्रासन शिकतात ते मोबाइलवरचे रील पाहून. दुसऱ्या दिवशी कंबर धरते. दोष मात्र बहुधा कंबरेचा नसतो, न वाकलेल्या बाकीच्या भागांचा असतो.

वाक जातो कुठे?

मानेत ७, पाठीत १२ आणि कंबरेत ५ मणके असतात. पाठीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात. शिवाय त्यांची मागची टोके कौलांसारखी एकावर एक झुकलेली असल्याने मागे वाकताना ती लवकर अडतात. कंबरेला अशी अडचण नाही. त्यामुळे शरीर सोपी वाट धरते आणि जवळपास सगळा वाक खालच्या दोन-तीन सांध्यांत जमा होतो. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तिथेच तुटते, तसेच हे. जिम्नॅस्ट आणि वेगवान गोलंदाजांमध्ये कंबरेच्या मणक्याला मागच्या बाजूने बारीक तडा जाण्याचे प्रमाण जास्त असते, ते अशाच ताणामुळे.

यात खुर्चीचाही वाटा आहे. कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोआस हा स्नायू तासन् तास बसून आखडला, तर जांघ उघडत नाही. सातपूर-अंबडमध्ये दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांनी आधी जांघेकडे पाहावे.

मग करायचे काय?

आधी शलभासन, कोपरे वाकवून भुजंगासन, मग सेतुबंधासन. ही आसने काही आठवडे सहज जमू लागली की चक्रासन. त्यात पावले समांतर हवीत, गुडघे बाहेर फाकू नयेत. उष्ट्रासनात छाती आधी वर, मग मागे. मान झटक्यात टाकू नये. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची आणि लाकडी बाक आसनांसाठी वापरले. आधार पाठीखाली आला की वाकही तिथेच पडतो. घरी लोडावर पाठ टेकूनही सुरुवात करता येते.

स्नायू ताणल्याची जाणीव चालेल. कंबरेत टोचणारी कळ किंवा पायात मुंग्या आल्या तर लगेच थांबावे. हर्निया, काचबिंदू, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चक्रासन करू नये. आसन सोडल्यावर लगेच पश्चिमोत्तानासनाकडे वळू नये. गुडघे वाकवून मिनिटभर उताणे पडून राहावे.