चाच्यांच्या गलबतावरील दोघी

समुद्री चाचे म्हटले की काळे निशाण, हातात तलवार आणि दाढीमिशांचा पुरुष असेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु तीनशे वर्षांपूर्वी वेस्ट इंडीजच्या समुद्रात जॉन रॅकमच्या टोळीत दोन स्त्रियाही होत्या. त्यांची नावे अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड.

त्यांची कथा जगभर पसरली ती १७२४ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकामुळे. लेखकाचे नाव कॅप्टन चार्ल्स जॉन्सन. पण ते टोपणनाव असावे असे मानतात. या कथेत दोघी पुरुष म्हणून गलबतावर वावरतात. इतक्या, की त्या एकमेकींनाही ओळखत नाहीत. कथा मोठी रंजक आहे. पण ती खरी मानावी काय?

त्याआधीच, १७२१ साली, जमैकात त्यांच्या खटल्याचा वृत्तांत छापला गेला होता. तो वेगळेच सांगतो.

ऑगस्ट १७२० मध्ये रॅकमने बहामा बेटांतील नासाऊ बंदरातून एक गलबत पळविले. ५ सप्टेंबरला गव्हर्नर वुड्स रॉजर्सने जाहीरनामा काढला. त्यात या दोघींची नावे आहेत. म्हणजे त्या स्त्रिया आहेत हे सरकारलाही ठाऊक होते! ऑक्टोबरात टोळी जमैकाजवळ पकडली गेली. १८ नोव्हेंबरला रॅकम फासावर गेला आणि २८ नोव्हेंबरला या दोघींचा खटला उभा राहिला.

डोरोथी थॉमस नावाच्या बाईची होडी या टोळीने लुटली होती. तिने साक्ष दिली : दोघींच्या अंगात पुरुषी कोट व लांब पाटलोणी, डोक्याला रुमाल, हातात कोयता व पिस्तूल. तरीही शरीराच्या ठेवणीवरून आपण त्यांना ओळखले. 'हिला ठार करा, नाहीतर ही आपल्याविरुद्ध साक्ष देईल,' असे त्या आपल्या साथीदारांना सांगत होत्या, असेही ती म्हणाली. गलबतावर राहिलेल्या दोघा फ्रेंच साक्षीदारांनी सांगितले की पाठलाग किंवा हल्ला असला की त्या पुरुषी कपडे घालीत, एरवी बायकांचे.

हे वाचताना मला माझी आई आठवली. ऊसतोडीला जाताना ती साडीवर वडिलांचा जुना सदरा चढवते आणि डोक्याला फडके बांधते, कारण उसाचा पाला अंगाला कापतो. संध्याकाळी सदरा खुंटीवर जातो. म्हणून ती पुरुष झाली असे गावात कोणी म्हणत नाही.

दोघींना फाशीची शिक्षा झाली. पण आपण गरोदर असल्याचे त्यांनी सांगितल्याने ती लांबणीवर पडली. एप्रिल १७२१ मध्ये मेरीचे दफन झाल्याची नोंद आहे.

त्या चोर होत्या, डोरोथीसारख्या साध्या बाईला लुटणाऱ्या होत्या. त्यांचा गौरव करण्याचे कारण नाही. पण बाई कष्टाचे किंवा धोक्याचे काम करताना दिसली की तिने पुरुषाचे सोंगच घेतले असले पाहिजे, ही समजूत कथाकाराची आहे. ज्या बाईने त्यांना डोळ्यांनी पाहिले, ती मात्र फसली नव्हती.